युद्धकथेतली कलाटणी

वाचकहो, पन्नाशी उलटलेल्या, सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने संगणकावरील गोळीबाराच्या खेळांविषयी लिहावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. आम्हांसही वाटते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांवर लिहावे, ज्ञानेश्वरीतील उपमांवर लिहावे, फार तर शाळेच्या गळक्या छपरावर लिहावे, हे आमच्या वयाला आणि पेशाला शोभणारे. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक खटला उभा राहिला. त्यात आम्ही आरंभी सरकारी वकील होतो, मध्यंतरी न्यायाधीश झालो, आणि निकाल लागला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्याच्या बरेच जवळ उभे होतो. तो खटला जसा घडला तसा सांगतो.

आमचे खैरलांजी हे बालाघाट जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. महाराष्ट्राची हद्द जवळच. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून शाळा हिंदीत, कचेरी हिंदीत, बाजारात हिंदी आणि पोवारी, आणि मराठी तेवढी चुलीपाशी, अशी आमची वाटणी आहे. आम्ही नागपूरला राहून मराठीत एम. ए. झालो आणि उभी नोकरी हिंदी शाळेत केली. त्यामुळे घरी मराठी टिकावी म्हणून आम्ही एक परिपाठ ठेवला आहे. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्या की मुलांना गोष्टी सांगायच्या, आणि त्या शुद्ध मराठीत सांगायच्या. पानिपत झाले, सिंहगड झाला, आग्र्याहून सुटका तर दरवर्षी झाली. ऐकणारी मुले हळूहळू मोठी झाली, बाजेवरून उठून गेली. शेवटी श्रोता म्हणून एक पुतण्याच उरला.

हा पुतण्या आमच्या धाकट्या बंधूंचा. बंधू चार वर्षांपूर्वी वारले. भावजय अंगणवाडीत काम करते. घर एकच आहे, परंतु आमच्याकडील जुन्या रीतीप्रमाणे ती भासऱ्यांशी, म्हणजे आमच्याशी, थेट बोलत नाही. सांगावयाचे ते आमच्या सौभाग्यवतींच्या मार्फत येते. गेल्या आषाढात तसाच एक निरोप आला. मुलगा रात्री उशिरापर्यंत संगणकावर लढाया खेळतो. पहाटे उठून वारासिवनीच्या रस्त्यावर धावतो. आणि आता म्हणतो की, अग्निवीर म्हणून सैन्यात भरती होणार. त्या खेळांनीच त्याच्या डोक्यात हे भरवले आहे, तेव्हा भासऱ्यांनी ते खेळ बंद करावे. निरोपाच्या शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी स्वतःचे एक वाक्य जोडले : “तुम्ही गावच्या पोरांना शिस्त लावता, घरच्याकडे बघा.”

संगणक आमच्या चिरंजीवांचा. ते नागपुरास नोकरीला आहेत. नवा घेतला तेव्हा जुना त्यांनी चुलतभावाला दिला, आणि आपल्या वेळचे खेळही त्यात तसेच राहू दिले. चिरंजीवांच्या लहानपणी गावोगावच्या सायबर कॅफेत ‘प्रोजेक्ट आयजीआय’ नावाच्या खेळाचे मोठे वेड होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना आठवत असेल. नॉर्वेतील एका कंपनीने २००० साली तो काढला होता. एकटा शिपाई शत्रूच्या तळात शिरतो, एवढेच त्याविषयी आम्हांस तेव्हा ठाऊक होते, आणि त्यापायी आम्ही चिरंजीवांचा कान एकदोनदा पिळलाही होता.

ह्या वेळी कान पिळण्याआधी फिर्याद नीट वाचावी, असे ठरविले. एका रविवारी पाऊस लागला असता पुतण्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि म्हणालो, “ह्यात कथा म्हणून काही असते की नुसताच धडाका?”

तो चमकला. मग म्हणाला, “काकाजी, कथाच तर असते. बसा, सांगतो.”

आणि वाचकहो, त्याने सांगितली. जवळजवळ दीड तास सांगितली, आणि मराठीत सांगितली. जो मुलगा जेवताना ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बस हुआ’ ह्यांपलीकडे बोलत नाही, तो ‘तेवढ्यात’, ‘इतक्यात काय होते’, ‘पण खरी गंमत पुढेच आहे’ असे आमचेच अंगणातले शब्द वापरून कथा सांगत होता. आमच्यातला वकील तिथेच थोडा ढिला पडला. पण आम्ही चेहरा कठोर ठेवला.

पहिली कथा २००७ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ ह्या खेळाची. त्यात खेळणारा कधी एका ब्रिटिश सैनिकाच्या, तर कधी एका अमेरिकन सार्जंटच्या जागी असतो. मध्यपूर्वेतील एका अनाम देशाच्या राजधानीत अमेरिकन फौजा शिरलेल्या असतात. शहरात अण्वस्त्र असावे असा संशय येतो आणि फौजांना सुरक्षित अंतरावर हटण्याचा हुकूम सुटतो. त्याच वेळी एक लढाऊ हेलिकॉप्टर पाडले जाते आणि त्याची वैमानिक जिवंत असल्याचे कळते. सार्जंटची तुकडी मागे फिरते, तिला उचलून आणते, आणि परत निघते तोच स्फोट होतो. हेलिकॉप्टर कोसळते. सार्जंट शुद्धीवर येतो, खुरडत बाहेर पडतो, धुरातून चार पावले टाकतो, आणि मरतो. खेळणाऱ्याने कोणतीही कळ दाबली तरी तो वाचत नाही. आतापर्यंत ज्याच्या डोळ्यांनी पाहिले तो मनुष्य संपतो आणि कथा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुढे चालते.

दुसरी कथा त्याच मालिकेतील २००९ सालच्या खेळाची. तीत खेळणारा आपल्या सेनापतीच्या हुकुमावरून शत्रूच्या घरात शिरून महत्त्वाची माहिती मिळवतो, जखमी अवस्थेत ती घेऊन येतो, आणि ती हाती पडताच तो सेनापतीच त्याला गोळी घालतो. पुढे कळते की, आधीच्या कथेतील स्फोटात ह्या सेनापतीचे ३०,००० सैनिक गेले होते; जग ते विसरले; म्हणून देशाला पुन्हा युद्धज्वर यावा आणि त्याचा नायक आपण व्हावे, असा त्याचा डाव होता. ह्याच कथेत रशियाची फौज एका रात्रीत अमेरिकेत उतरते, ती अशी की विमाने डोक्यावर येईपर्यंत कोणास पत्ता नाही.

येथे आम्ही न राहवून बोललो, “अरे, हे कसे शक्य आहे? एवढा महासागर, एवढी विमाने, आणि कोणालाच दिसली नाहीत? शिवाय आपल्याच माणसाला गोळी घालणारा सेनापती! असंभाव्य आहे सगळे.”

पुतण्या क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग काकाजी, तुमचा तोतया कसा शक्य झाला?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. कारण तोतयाची गोष्ट त्याला आम्हीच सांगितली होती, आणि ती इतिहासात घडलेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पडताना त्यांना पाहिले असे खात्रीने सांगणारे कमी, आणि नाही पाहिले असे म्हणणारे पुष्कळ. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. पुढे काही वर्षांनी ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणारा एक मनुष्य प्रकटला. तो बुंदेलखंडाकडील कनोजी ब्राह्मण असल्याचे चौकशीत ठरले आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. परंतु पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ साली, तो रत्नागिरीकडून सुटला, कोकणातले किल्ले त्याला मिळू लागले, हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली, आणि पेशवाईचे आसन काही महिने डळमळले. वर्षाखेरीस तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी ह्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटकच लिहिले. एखाद्या विद्यार्थ्याने असे कथानक स्वतः रचून आणले असते, तर आम्ही लाल शाईने ‘असंभाव्य’ असा शेरा मारून वही परत केली असती.

ती रात्र आम्ही विचारात घालविली. सैन्याच्या कथेत कोणती कलाटणी पटते आणि कोणती पटत नाही? ‘घडू शकते’ एवढ्याने ती पटत नाही, कारण तोतया तर घडलेलाच आहे. ॲरिस्टॉटलने ह्याविषयी फार पूर्वी सांगून ठेवले आहे की, कथाकाराने न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता पत्करावी. आपल्याकडे अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली आणि औचित्य हेच काव्याचे जीवित मानले. ज्याचे जे अनुरूप, ते तेथे असावे, एवढाच त्याचा अर्थ. तोतया पटतो, कारण त्याची पेरणी पंधरा वर्षे चालली होती. ज्याचे मरण कोणी धड पाहिले नाही असा सेनापती. कुंकू न पुसणारी पत्नी. ज्या घरांतली माणसे परत आली नाहीत आणि ज्यांना ती परत यावीत असे वाटत होते, अशी अगणित घरे. तोतयाने फक्त दार ठोठावले. दार उघडायला आतली माणसे कधीची उभी होती.

ह्याच कसोटीवर आम्ही पानिपतही पुन्हा तपासले. विश्वासराव गोळी लागून पडतात, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात, सैन्याला अंबारी रिकामी दिसते आणि धीर सुटतो, अशी ती कलाटणी सांगितली जाते. नुसती ऐकली तर ती योगायोगाची वाटेल. एक अंबारी रिकामी दिसली म्हणून एवढी मोठी फौज कशी मोडेल? पण तिच्यामागे अडीच महिन्यांचा कोंडमारा आहे, तुटलेली रसद आहे, सैन्याबरोबर अडकलेल्या यात्रेकरूंची पोटे आहेत, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडलेली माणसे आहेत. धीर आधीच झिजला होता. अंबारी हे निमित्त झाले. सिंहगडाच्या गोष्टीतही तसेच. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, हे पोवाड्यांतून ऐकताना आमचे रक्त आजही उसळते, पण इतिहासकार ते मानीत नाहीत आणि बुद्धीलाही पटत नाही. मात्र तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना सूर्याजी अडवतो आणि परतीचे दोर कापले आहेत असे सांगतो, ती कलाटणी ऐकताक्षणी पटते. भ्यालेल्या माणसाला मागची वाट बंद झाल्याचे कळले की तो पुढे वळतो, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही पुतण्यास निकाल ऐकविला. पहिल्या कथेतील सार्जंटचे मरण आम्हांस मान्य. कारण धोक्याची सूचना आधी आलेली आहे, मागे फिरण्याचा निर्णय जाणून घेतलेला आहे, आणि त्या निर्णयाची किंमत वसूल झालेली आहे. दुसऱ्या कथेतील सेनापतीचा विश्वासघात अर्धा मान्य. दुःखाने माणूस असा विपरीत होऊ शकतो, पण ते दुःख कथाकार गोळी घातल्यानंतर सांगतो, आधी पेरीत नाही. आणि रात्रीत उतरलेली फौज सर्वथा नामंजूर.

पुतण्या हसला. त्याने आणखी एक कथा पुढे केली. ती बर्लिनच्या एका कंपनीने २०१२ साली काढलेल्या ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ ह्या खेळाची. वाळूच्या वादळांत गाडल्या गेलेल्या दुबई शहरात एक कप्तान आपल्या जुन्या वरिष्ठाला शोधायला जातो. वाटेत तो शत्रूच्या तळावर जळता फॉस्फरस टाकतो आणि मग दिसते की, जळालेल्यांत आश्रयाला आलेली बाया-मुले होती. तरी तो पुढे जातो. कारण त्या वरिष्ठाचा आवाज बिनतारी यंत्रावरून त्याला डिवचत असतो, आणि सर्व दोष त्याचाच आहे अशी कप्तानाची खात्री असते. शेवटी तो तेथे पोहोचतो तेव्हा कळते की, वरिष्ठ केव्हाच मेलेला आहे. आवाज कप्तानाच्याच मनातला होता. जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ह्या कथेची छाया ह्या खेळावर आहे. हे ऐकून आम्ही पुतण्याला म्हणालो, “ही कलाटणी मान्य. पाप केले की दोष द्यायला माणूस कोणीतरी शोधतोच. नसला तर निर्माण करतो.” मनात मात्र असे आले की, लहानपणी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांचा ‘काळापहाड’ दडवून वाचला आणि त्यापायी वडिलांचा मार खाल्ला. त्यांनी ते पुस्तक उघडून पाहिले नव्हते. चिरंजीवांचा कान पिळताना आम्हीही तो खेळ पाहिला नव्हता.

खटला येथे संपता तर आम्ही एक विद्वत्तापूर्ण लेख लिहून मोकळे झालो असतो. पण शेजारचे हवालदार आले.

हे गृहस्थ महार रेजिमेंटमध्ये होते. ह्या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच सागरला आहे. निवृत्त होऊन आता शेती करतात आणि सायंकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसतात. पुतण्याने त्यांनाही पडदा दाखविला. हवालदारांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग विचारले, “हा पाणी कधी पितो?”

पुतण्या म्हणाला, “पाणी पीत नाही, मामा.”

“पाठीवरचं वजन?”

“ते दिसत नाही.”

“आता याला लागलं ना रे? मग?”

“भिंतीआड काही क्षण थांबलं की बरं होतं.”

हवालदार मोठ्याने हसले. त्यांच्या हसण्यात उपहास नव्हता. आवडत्या लहान मुलाने चिखलाची भाकरी वाढली असता जसे हसावे तसे ते हसले. म्हणाले, “गुरुजी, आमची अर्धी नोकरी तर वाट पाहण्यात गेली. गाडीची वाट, हुकुमाची वाट, रजेची वाट. आणि लागलं की दोघं लागतात उचलायला. म्हणजे एका गोळीनं तिघं कामातून जातात. हे यात नाही.” चिरंजीवांच्या वेळचा तो ‘आयजीआय’ ह्या बाबतीत थोडा प्रामाणिक होता, असे पुतण्याने मध्येच सांगितले, त्यात झालेली जखम आपोआप भरत नसे, आणि मोहिमेच्या मध्येच खेळ राखून ठेवण्याची सोय नसल्याने मेले की ती मोहीम पहिल्यापासून करावी लागे. हवालदार म्हणाले, “पहिल्यापासून तरी करता येते ना!”

मग गोष्ट गलवानवर आली. १५ जून २०२० च्या रात्री लडाखमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० सैनिक कामी आले, त्यांत कर्नल संतोष बाबू होते. दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक एकविसाव्या शतकात दगड, सळ्या आणि सोटे घेऊन भिडले, कारण १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरांच्या आत गोळी चालवायची नाही असे ठरलेले होते. अशी कथा कोणी रचून आणली असती, तर तोतयापेक्षाही असंभाव्य म्हणून आम्ही ती फेकून दिली असती. पुढे २६ जानेवारी २०२१ रोजी बंगळूरच्या एका कंपनीने ‘फौजी’ नावाचा खेळ काढला, त्याचा आरंभ गलवानवरच होता, आणि त्यातला शिपाई मुठींनी व सोट्यांनी लढत होता. पुतण्या तेव्हा लहान होता, पण त्याला आठवते की, मोठी मुले फार हिरमुसली होती : बंदुकाच नाहीत, मग कसला फौजी! त्याच नावाने २०२५ साली पुण्याच्या कंपनीने बनविलेला पुढचा खेळ आला, त्यात बंदुका आहेत. ह्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. श्रोत्याला पुष्कळदा खरे नको असते. ज्याची त्याला सवय झाली आहे ते हवे असते, आणि त्यालाच तो ‘पटण्यासारखे’ असे नाव देतो. रात्रीत उतरलेली फौज आम्ही नामंजूर केली ती तर्काने. पण आग्र्याचे पेटारे दरवर्षी सांगताना पहारेकऱ्यांच्या नजरेविषयी आम्ही कधी फार खोल शिरलो नाही.

ह्या सर्व काळात भावजय आत स्वयंपाकघरात होती. दाराशी कपबश्यांचा आवाज आला म्हणजे ती ऐकते आहे हे आम्हांस कळे.

काही दिवसांनी भरतीचे कागद आले. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या उमेदवाराला पालकांचे संमतिपत्र लागते. पुतण्याला सतरा पूर्ण होऊन सहा महिने उलटले होते. कागद ओसरीवरच्या मेजावर होता. २०२२ साली ही योजना आली तेव्हाच तिच्या अटी आम्ही वाचल्या होत्या. नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर कायम व्हायचे ते चौघांत फार तर एकाने. हे सर्व आम्ही पुतण्याला समजावून सांगितले. त्याने ते आधीच वाचले होते. आमच्या मनात असे होते की, सही करायची की नाही ते आता आम्ही ठरवावे. घरातले कर्ते आम्ही, खेळाचा निवाडा आम्ही केलेला, औचित्याचा विचार आम्हांस ठाऊक.

तेवढ्यात भावजय दारात आली. पदर सावरून, आमच्याकडे न पाहता, मुलाकडे पाहून तिने विचारले, “त्या तुझ्या गोष्टीतला तो शिपाई, जो खुरडत बाहेर येऊन मरतो. त्याच्या आईला कुणी कळवलं?”

पुतण्या म्हणाला, “ते नाही दाखवत, आई.”

“आणि ज्याला सेनापतीनं मारलं, त्याच्या?”

तो काही बोलला नाही. ती म्हणाली, “मग पोहोचलाय की नाही, हे घरी कसं कळतं?” आणि आत गेली.

वाचकहो, ॲरिस्टॉटल, क्षेमेंद्र आणि नागपूरची एम. ए. ची पदवी ह्यांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. आम्ही कलाटणीच्या आधी काय पेरले आहे ते पाहात होतो. तिच्यानंतर बातमी कोणत्या दारात जाते ते पाहिले नव्हते. इतकेच नव्हे, तर अंगणात इतकी वर्षे आम्ही पानिपत सांगितले आणि प्रत्येक वेळी ते रणांगणावरच संपविले. पार्वतीबाई आमच्या गोष्टीत फक्त तोतयाला वाट करून देण्यापुरत्या आल्या. पानिपतानंतर बावीस वर्षे, १७८३ पर्यंत त्या जगल्या. एवढी वर्षे त्यांनी काय केले, दारावर थाप पडली की काय वाटले असेल, हे आम्ही कधी सांगितले नाही. मुलांना कंटाळा येईल असे आम्हांस वाटे. जो दोष आम्ही त्या खेळांत शोधीत होतो तो आमच्या बाजेवरच होता.

पुतण्या त्या संध्याकाळी हवालदारांकडे गेला. उशिरा परतला. जेवणाच्या वेळी त्याने आईला सर्व सांगितले, तेही मराठीत आणि क्रमाने. जवान दुखापत झाला अथवा गेला तर पलटणीतून घरी कसे कळविले जाते. भरती होताना जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि पत्ता लिहून द्यावा लागतो तो कशासाठी. हवालदारांच्या तुकडीतला एक जण गेला तेव्हा त्याच्या गावी कोण गेले, घराच्या दाराशी किती वेळ उभे राहिले, आणि प्रथम काय बोलले. हवालदारांनी आम्हांस ही हकिकत इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. तिच्यात कलाटणी नव्हती. चौकीकडे रोजच्या वाटेने निघालेला एक मनुष्य, ज्या जागेवरून त्याच्या आधी दहा जण गेले होते तेथे पाय ठेवतो, एवढीच ती गोष्ट. भावजयीने मध्ये एकदाही अडविले नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “नाव माझं लिही. पत्ता नीट लिही, तालुक्यासकट. खैरलांजी नावाचं गाव भंडाऱ्याकडेही आहे.”

कागदावर सही तिने केली. आम्हांस कोणी विचारले नाही, आणि तेच योग्य झाले.

पुतण्या अजून येथेच आहे. धावणे चालू आहे, परीक्षेची तयारी चालू आहे, आणि पुढे काय होईल ते पुढे कळेल. संगणकही आहे. खेळ आम्ही बंद केले नाहीत. रात्री दहाची मर्यादा मात्र घातली, ती तो बहुधा पाळतो. भावजयीच्या मनातली भीती गेली आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आता ती खेळाविषयी निरोप पाठवीत नाही.

गेल्या महिन्यात चिरंजीव नागपूरहून सुनेला आणि नातीला घेऊन आले होते. नात पाच वर्षांची. रात्री तिने गोष्ट मागितली. आम्ही पानिपत काढले, कारण हातचे तेच. विश्वासराव पडले, अंबारी रिकामी झाली, फौज मोडली. एरवी आम्ही येथे थांबतो. ह्या वेळी पुतण्या खाटेच्या कडेला बसला होता, तो म्हणाला, “काकाजी, पुण्याला कळलं कधी, ते सांगा.” मग आम्ही नानासाहेब पेशव्यांकडे वळलो, उत्तरेकडे निघालेल्या त्यांच्या स्वारीकडे, वाटेत हाती आलेल्या बातमीकडे, आणि पुढे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर झालेल्या त्यांच्या मृत्यूकडे. नात केव्हाच झोपली होती. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. आम्ही सांगत राहिलो.